एकाच कढईतल्या दोन डिस्क

दर अकरा सेकंदांनी एक टिक. मी मनगटावरच्या घड्याळावर मोजलं: अकरा, अकरा, बारा, अकरा. आवाज लहान होता, अडकित्त्यात सुपारी नुसती टेकवावी एवढाच. तो संगणकाच्या डब्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून येत होता, जिथे नऊ वर्षांपूर्वीची हार्ड डिस्क बसवलेली आहे.

माझ्याआधी तो बाबांना ऐकू आला होता. बाबा, म्हणजे नत्थूजी, शहात्तर वर्षांचे. त्यांतली पंचावन्न त्यांनी खड्ड्याच्या मागावर बसून काढली. चार वर्षांपूर्वी डोळ्यांचे पडदे बिघडले तेव्हापासून बारीक धागा त्यांना दिसत नाही. पण शेजारच्या घरातली शिलाई मशीन कोणत्या टाक्याला अडली, हेसुद्धा ते चहा पिता पिता सांगतात.

“धनू, तुह्या डब्यात धोटा अडकून राहिला वं,” ते दारातून म्हणाले.

“पंखा असंल, बाबा.”

“पंखा घरघर करते. हे ठेचाळून राहिलं.”

मी डिस्कची स्वतःची नोंद उघडली. लिहिता-वाचताना जी जागा खराब निघते ती डिस्क बाजूला टाकते आणि अशा किती जागा टाकल्या हे मोजून ठेवते. मागच्या दिवाळीत मी तो आकडा वहीत लिहिला होता: शून्य. आता तीनशे बारा होता. मी संगणक बंद केला. मरणाऱ्या डिस्कला जितकं कमी फिरवावं तितकं बरं.

त्या डिस्कवर आमच्या घरातली एकच गोष्ट अशी होती जी पुन्हा मिळाली नसती. आमची करवती काठाची साडी तीन धोट्यांची. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळा, अंगाचा वेगळा, आणि दोघे जिथे एकमेकांत अडकतात तिथे करवतीच्या दातांसारखी रेघ उमटते. दात किती धाग्यांनी पुढे सरकायचा आणि कुठून परतायचा, हा त्या काठाचा आकडा. तो कुठे लिहिलेला नसतो. विणणारा तो तोंडाने म्हणत जातो. बाबांच्या मागावरच्या शेवटच्या दोन वर्षांत मी मागावर कॅमेरा टांगून त्यांचे चौसष्ट काठ टिपले होते, प्रत्येकाचे हात आणि प्रत्येकाचा आवाज. कापडांचे तुकडे ट्रंकेत आहेत, त्यांचे फोटो पुन्हा काढता येतील. हात आणि आवाज पुन्हा मिळणार नव्हते.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं काम करते आहे. तिथे प्रत्येक नमुन्याचे मी दोन भाग करते, एक तपासायला, एक जपून ठेवायला. घरी मात्र चौसष्ट काठ एकाच डिस्कवर. नेटवरच्या खात्यातली जागा फोटोंनीच भरली होती आणि ‘या रविवारी दुसरी प्रत करू’ असं मी चार वर्षं म्हणत होते. आमच्या घरात हे चालतं. बाबांचाही एक शब्द तीन वर्षं तसाच पडून होता.

तो शब्द ‘पाहू’. उमरेडला रितिका नावाची एक मुलगी विणकाम शिकवायचं केंद्र चालवते. तिचे आजोबा विणकर होते. तिच्याकडे सहा मुली शिकतात, पण तीन धोट्यांचा काठ त्या केंद्रात कोणालाच येत नाही. तिला आमचा माग हवा होता, आणि त्याहून जास्त बाबा हवे होते. दर दोन महिन्यांनी तिचा फोन येई. बाबा सगळं ऐकून घेत आणि म्हणत, “पाहू.” माग समोरच्या खोलीत तसाच उभा. फणीत शेवटच्या ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, वीतभर टोक ठेवलेलं, गाठी मारून. विणकर ते कधी कापत नाही. नवा ताणा आला की बोटाला राख लावून त्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पीळ देऊन सांधतात. फणी पुन्हा भरावी लागत नाही. चार वर्षं ते टोक नव्या ताण्याची वाट बघत होतं. मीही बाबांना कधी जोर केला नाही. माग गेला तर ती खोली कशी दिसेल, याचा विचार मला नको होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी बर्डीच्या बाजारात डिस्क घ्यायला निघाले, तर बाबा चप्पल घालून तयार.

“तुम्ही काहून येता?”

“सूत घ्याले तू कवा एकटी गेली का गांधीबागेत?”

“हे सूत नाही ना, बाबा.”

“माहे काठ त्याच्यातच राहणार ना? मंग मी पाहीन.”

आई, जनाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाली, “जाऊ दे वं त्याईले. दिसत नाई त काय झालं, दुकानदाराले दोन गोष्टी ऐकवून त येतीन.”

दुकान श्वेताचं. तिशीतली बाई, ग्राहकाशी बोलता बोलता हातातला संगणक उघडून मोकळा करते. मी काय हवं ते सांगितलं: दोन डिस्क, घरच्या संगणकासाठी, वेग कमी असला तरी चालेल, भरवसा हवा. एक संगणकात राहील, दुसरी कपाटात.

“एसएसडी नको?” तिने विचारलं. “एकदम फास्ट.”

“संगणक सुरू व्हायला एक लहान द्या. पण कपाटात वर्ष वर्ष विजेशिवाय पडून राहणार असेल, तर तिचा भरवसा मला कमी वाटतो. साठवणीला हार्ड डिस्कच.”

“मॅडम, तुम्ही तर अभ्यास करूनच आल्या.” तिने मागच्या फळीवरून दोन डबे काढले. “हा या कंपनीचा, हा त्या. दोन्ही चालतात. कोणता देऊ?”

बाबांनी दोन्ही डबे हातात घेऊन वजन पाहिलं. “दोन येगयेगळे काहून देता, बाई? एकसारखे द्या. एका कढईतले.”

“कढई?” श्वेता हसली.

“सूत रंगवते ना, ते एका कढईत. एका साडीले एकाच कढईतलं सूत घ्याव. दोन कढयांचं घेतलं का साडीले पट्टा पडते. मंग गिऱ्हाईक म्हणते, नत्थूजी, हे जोडलेली साडी आहे का?”

श्वेताने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायला हवं होतं, आणि मला वाटलं, बाबा बरोबर सांगतायत. प्रयोगशाळेत एका मालिकेला मीही एकाच लॉटचं रसायन वापरते. मधेच बाटली बदलली तर आकडे हलतात. घरचं शिक्षण आणि कॉलेजचं शिक्षण पहिल्यांदाच इतकं जुळलं होतं. मी म्हटलं, “एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या द्या.” तिने दिल्या. नंबर लागोपाठचे होते, शेवटचा आकडा तेवढा चार आणि पाच. मला ते बघून बरं वाटलं, हे मी कबूल करते.

नवी डिस्क आणली की लगेच भरायची नाही, हा माझा नियम. आधी ती पूर्ण लिहून पूर्ण वाचून पाहायची. शनिवारी सकाळी जुनी डिस्क काढून ठेवली, लहान एसएसडीवर संगणक सुरू केला आणि दोन्ही नव्या लावल्या. रविवारी दुपारी जेवण उरकून पाहिलं, तर पहिल्या डिस्कने चोवीस जागा बाजूला टाकल्या होत्या. दुसरीने सोळा. आणि दोन्हींत त्या जवळपास एकाच भागात होत्या.

मी बराच वेळ ते दोन आकडे बघत बसले. एक खराब निघाली असती तर ते नशीब. दोन्ही सारख्याच ठिकाणी खराब म्हणजे कारण एकच: दोघी एकाच दिवशी, एकाच यंत्रावर जन्मल्या होत्या, किंवा एकाच खोक्यात एकदाच खाली पडल्या होत्या. ज्या दिवशी एक जाईल त्याच सुमाराला दुसरीही जाईल. साडीला सगळीकडे सारखं असायला हवं. दुसऱ्या प्रतीला मात्र पहिलीसारखं मुळीच असायला नको. ती वेगळी आहे म्हणूनच तिचा उपयोग.

बाबांना सांगितलं. ते खाटेवर पडले होते. तसेच पडून म्हणाले, “म्हणजे माह्या अकलेनं घात केला.”

“माझ्या बी. मी त सायन्स शिकली.”

“दोघायची अक्कल एकाच कढईतली,” आई म्हणाली. “त्याचंच हे झालं.”

बाबा उताणे पडल्या पडल्या हसायला लागले, आणि मीही.

सोमवारी मी अर्धी सुट्टी टाकली. श्वेताने कुरकुर न करता डिस्क बदलून दिल्या. “त्या खोक्यातली अजून एक परत आली, मॅडम. तुम्ही लवकर पाहिलं.” मग बाबांकडे वळून, “काय काकाजी, आज कोणत्या कढईचं देऊ?”

“आज पट्टा पडू द्या,” बाबा म्हणाले. “मले पट्टाच पायजे.”

एक एका कंपनीची, दुसरी दुसऱ्या कंपनीची. तिसरी लहान, बाहेरून वायरने जोडायची, तिच्या बनवल्याच्या तारखेत आणि बाकी दोघींच्या तारखांत आठ महिन्यांचं अंतर. मी डब्यांवरच्या तारखा वाचत होते आणि श्वेता गालावर हात ठेवून वाट बघत होती. “लग्नाच्या पत्रिका जुळवून राहिल्या का, मॅडम?”

“उलटं. जुळायला नकोत.”

“तीन काहून?” बाबांनी रिक्षात विचारलं.

“एक चालू, एक कपाटात. अन् एक घराच्या बाहेर, दुसऱ्या गावात. घरात पाणी शिरलं, आग लागली, चोरी झाली, त दोन्ही एकदमच जातात ना.”

“हं,” बाबा म्हणाले.

नव्या तिन्ही तपासायला बुधवार उजाडला. तिन्हींत शून्य. आता जुनी डिस्क एकदा शेवटची फिरवायची होती. ती मधेच थांबली तर जे आधी उतरलं तेवढंच आपलं, म्हणून क्रम ठरवायला हवा होता. मी चौसष्ट नावांची यादी केली आणि बाबांजवळ खुर्ची ओढली.

“कोणता पहिला?”

मला वाटलं ते बक्षीस मिळालेला रुंद काठ सांगतील. ते म्हणाले, “रंभाबाईचा.”

रंभाबाई म्हणजे त्यांची आई. तो काठ अगदी अरुंद, दोन लहान दात आणि एक मोठा. विकायला तो आम्ही कधीच विणला नाही. घरच्या लेकींच्या साड्यांनाच लावायचा. माझ्या एका साडीला तो आहे.

“मंग?”

“मंग भिवापूरवाल्यांचा. मंग बारीक रुईफूल. बक्षिसाचा राहू दे मागं, तो उमरेडात बी दोन जणायले येत असंल.”

“येत नाही कोणालेच,” मी म्हटलं. “रितिका म्हणते, तिथं तीन धोट्यांचं कोणालेच येत नाही.”

बाबांनी मान हलवली. बाकीचा क्रम आम्ही पाऊण तासात लावला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळी साडेआठला मी डिस्क सुरू केली, बाजूला टेबलपंखा लावला म्हणजे ती तापू नये, आणि एकेक फाइल उतरवायला घेतली. टिक येत होती, आता दर सात सेकंदांनी. दोन वाजेपर्यंत त्रेसष्ट काठ तिन्ही नव्या डिस्कवर होते आणि प्रत्येक प्रत मूळ फाइलशी ताडून झाली होती. राहिला एकच, पहिला. रंभाबाईच्या काठाची फाइल डिस्कने सकाळी उघडूनच दिली नव्हती. मी ती बाजूला ठेवली होती, चार वेळा पुन्हा प्रयत्न केला, आणि पाचव्यांदा डिस्क फिरायचीच थांबली. खोलीत एकदम शांत झालं.

“गेला?” बाबांनी विचारलं.

“गेली डिस्क. बाकी सगळे वाचले. रंभाबाईचा तेवढा…”

मी पाणी आणायला उठले. लांबून मला माझ्याच मनातला हिशेब ऐकू येत होता: चौसष्टपैकी त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर. प्रयोगशाळेत मी हा आकडा समाधानाने लिहिला असता.

पाणी घेऊन आले तर बाबा खाटेवर नव्हते. समोरच्या खोलीत, मागाच्या खड्ड्यात एक पाय टाकून, हाताने चौकट चाचपत होते.

“अहो! पडसान ना!” आई धावली.

“पडत नाई. मले जागा ठाऊक आहे.” ते बसले. पाय खाली पावड्यांवर, पायाने दाबायच्या फळ्यांवर, टेकले. चार वर्षांत त्या पावड्यांवर मी फक्त झाडू फिरवला होता. “धनू, कॅमेरा लाव वं.”

“ताणा नाही ना, बाबा. वीतभर टोक आहे नुसतं.”

“मले ताणा कुठं दिसते तसा बी? तू लाव.”

मी स्टुलावर चढून जुन्या खिळ्याला फोन बांधला. बाबांनी मोकळे हात समोर धरले आणि पाय दाबला. माग करकरला. “दोन,” ते म्हणाले. “चार. परत. दोन. चार. परत. आता मोठा. दोन, चार, सहा, आठ…” हात हवेतला धोटा एकीकडून फेकत होते आणि दुसरीकडे झेलत होते. आवाज जड होता, पण लय बरोबर पडत होती. मग ते थांबले. पुन्हा आठपर्यंत आले, पुन्हा थांबले.

“आठनंतर परत का दहा?” ते स्वतःशीच म्हणाले. “थांब. आठ… नाई. मुक्काम होता तिथं काही तरी.”

त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि तिथेच अडले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी वर बघितलं. फोनचा लाल ठिपका चालू होता. ट्रंकेतला तुकडा काढून धागे मोजता आले असते, पण तो काठ ट्रंकेत नव्हता. माझी साडी कपाटात होती, भिंगाखाली धरून मला ते सापडलंही असतं. मी तसं म्हणणार एवढ्यात आई खड्ड्याच्या उजव्या कडेला येऊन बसली. लग्न झाल्यापासून माग थांबेपर्यंत ती तिथेच बसत असे. तीन धोट्यांच्या मागाला पलीकडचा धोटा परत फेकायला दुसरा माणूस लागतो.

“आठवर दोनदा,” आई म्हणाली. “पहिला आठ तुमचा, दुसरा माहा. मंग मी परत देतो.”

“दोनदा?”

“तुमाले कसं ठाऊक राहीन? तुम्ही त पुढचाच दात पाहत होते. माहा हात दुखे तिथं.”

बाबांनी पुन्हा सुरू केलं. दोन, चार, परत. दोन, चार, परत. दोन, चार, सहा, आठ; आणि आईचा हात पुढे आला, “आठ”; आणि मग दोघे मिळून सहा, चार, दोन. मोकळ्या हवेत एक दात पुरा झाला. त्यांनी तो अकरा वेळा विणला. मी मोजले. बाराव्याला आई म्हणाली, “पुरे ना आता, भाजी लागून राहिली,” आणि तरी उठली नाही.

मी साडी काढली आणि भिंग लावलं. मोठ्या दाताच्या टोकावर आठ धाग्यांचं पाऊल दोनदा होतं. जुनी चित्रफीत मिळाली असती तरी तिच्यात हे कळलं नसतं. तेव्हा कॅमेरा फक्त बाबांच्या बाजूला होता, आणि आईचं त्यात नुसतं कोपर येई. चार वर्षं मी एका माणसाची प्रत जपत होते, आणि काठ दोघांचा होता.

ती नवी फाइल मी तिन्ही डिस्कवर उतरवली, ताडून पाहिली. पहिली संगणकात बसवली. दुसरी कापडी पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवली. तिसरी टेबलावर राहिली. बाबा अजून खड्ड्यातच बसून होते, फणीतल्या जुन्या ताण्याच्या गाठी बोटांनी एकेक चाचपत.

“ते तिसरी,” ते म्हणाले, “दुसऱ्या गावी ठेवाची म्हणत होती ना तू?”

“हो. प्रयोगशाळेतल्या श्रीखंडे मॅडमचं घर अमरावतीले आहे. त्यांच्याकडे…”

“अमरावतीले तिले कोण चालवीन? कपाटातच पडून राहीन ना?”

“ती पडून राहायलाच असते, बाबा.”

“डबा पडून राहीन. काठ नाई राहत.” ते हसले. “अन् माही वारंटी त कवाचीच संपली. तुह्या आईची थोडी बाकी दिसते.”

“माही काहून संपवता?” आई म्हणाली.

बाबांनी फणीवर तळहात ठेवला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी तो सावकाश फिरवला, जणू कापडाचा पन्हा मोजतायत.

“धनू, फोन लाव रितिकाले. आज पाहू म्हणत नाई मी. सांग तिले, ताण्याचं टोक कापाचं नाई, फणीसकट गुंडाळून न्याचं, नवा ताणा तिथंच सांधू. माग उमरेडले येऊन राहिला म्हणाव. अन् मागासंगं आम्ही दोघं बी.”